प्रवासासाठी स्वस्त युकुलेले: कोणतं घ्यावं आणि घरी आणल्यावर काय काय नीट करावं?

फुटाळा_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रेल्वेत, चिखलदऱ्याला, पेंचला सोबत नेता येईल असं युकुलेले घ्यायचं आहे. बजेट ३००० रुपये, खरोखर फरक पडत असेल तर ४०००. गिटारचे साधे कॉर्ड येतात. बर्डीत आणि सदरला दुकानांत पाहून आलो, पण सगळी सारखीच वाटून राहिली. सोप्रानो की कॉन्सर्ट? लाकडी की प्लास्टिकचं? आणि घेतल्यावर घरच्या घरी त्यात काय सुधारता येते? नागपूरचा उन्हाळा धरून सांगा.

चौतारी

आधी साइज. सोप्रानोची एकूण लांबी साधारण ५३ सेंमी, तारेची वाजती लांबी ३४५ मिमीच्या आसपास. कॉन्सर्ट ५८ ते ६० सेंमी, तार ३८० मिमी. टेनर ६६ सेंमी, तार ४३० मिमी. टेनर प्रवासाच्या विचारातून काढून टाका.

गिटारची सवय असलेल्या बोटांना सोप्रानोवर डी कॉर्डसाठी एकाच घरात (मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या जागेत) तीन बोटं बसवणं अवघड जाते. त्या बाबतीत कॉन्सर्ट सुखाचं. पण विमानाने जाणं-येणं असेल तर देशी कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी असते. सोप्रानो त्यात कव्हरशिवाय जेमतेम बसते, कॉन्सर्ट बसत नाही. रेल्वेने जाणार असाल तर हा प्रश्नच नाही, कॉन्सर्ट घ्या.

‘ट्रॅव्हल’ लिहिलेल्या बऱ्याच मॉडेलांत फक्त खोकं पातळ केलेलं असते, लांबी तीच राहते. पातळ खोक्यामुळे खालच्या सुरांचा भरीवपणा कमी होतो आणि बॅगेत थोडीच जागा वाचते. स्वस्तात हा सौदा मला पटत नाही. नेहमीच्या जाडीचं वाद्य घ्या, आवाज जास्त मिळेल.

कानस_पेपर

चौतारी यांच्याशी सहमत. सगळी सारखी वाटून राहिली म्हणता, त्याचं कारण ती खरंच सारखी आहेत. या किमतीत पाटीवरच्या नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवा, एक सुरात असते आणि दुसरं नसते. म्हणून दुकानात जाताना १५ सेंमीची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, एक साधा कागद आणि मोबाइलमध्ये सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) दाखवणारं ट्यूनर ॲप घेऊन जा.

सगळ्यात आधी ब्रिजची (खोक्यावर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) जागा मोजा. नट म्हणजे डोक्याजवळची खाचांची पट्टी, फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, सॅडल म्हणजे ब्रिजमधली तारा टेकायची उभी पट्टी. नटच्या आतल्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि १२व्या फ्रेटपासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर जवळपास सारखं हवं, दुसरं १ ते २ मिमी जास्त. समजा पहिलं १७२ मिमी आलं, तर दुसरं १७३ ते १७४ आलं पाहिजे. पट्टी छोटी पडते, तेव्हा मोजताना मध्ये खूण करून पुढे सरकवा. फरक ४-५ मिमीचा निघाला तर ते वाद्य परत ठेवा. ब्रिज चुकीच्या जागी चिकटलेला असला तर तारा बदला, सॅडल बदला, ते सुरात येणार नाही.

मग सुरात लावा: जी ३९२, सी २६१.६, ई ३२९.६, ए ४४० हर्ट्झ. प्रत्येक तार १२व्या फ्रेटवर हलक्या हाताने दाबून ट्यूनर पाहा. ५ सेंटपर्यंत उत्तम, १० चालते, १५ च्या वर गेलं तर कारण शोधा. पहिल्या फ्रेटवरही तेच करा. तिथे सूर २० सेंट चढा येत असेल तर नट उंच आहे. हा दोष स्वस्त युकुलेलेत जवळपास हमखास असतो आणि तो घरी दुरुस्त होतो, त्यामुळे त्यावरून वाद्य नाकारू नका.

आणखी तीन गोष्टी. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद घालून पाहा. कुठेही आत सरकला तर ब्रिज उठायला लागला आहे. खोक्यावर बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. खरखर आली तर आतली पट्टी सुटली आहे. आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. एकाच ठिकाणी झणझण येत असेल तर कार्डाची कड तीन फ्रेटवर आडवी टेकवा. कार्ड मधल्या फ्रेटवर डुलत असेल तर तो फ्रेट उंच आहे.

फुटाळा_काठ

हे मोजून पाहतो. मग प्लास्टिकचं काय? उन्हात टिकेल म्हणून तिकडे कल होता.

रामटेक_रोड

प्लास्टिकचा पर्याय हलका समजू नका. १९४९ मध्ये मारियो माकाफेरीने ‘आयलँडर’ नावाचं प्लास्टिकचं युकुलेले काढलं होतं आणि ते प्रचंड खपलं. आज एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या दोन्ही प्लास्टिकांत मिळतात. पॉलिकार्बोनेट जास्त चिवट आणि उष्णतेला जास्त टिकणारं. पावसात, नदीकाठी, लहान मुलांच्या हातात हेच द्यावं.

लाकडी घेतलं तर लॅमिनेट घ्या. ‘सॉलिड टॉप’च्या (वरची फळी अखंड लाकडाची) मागे या बजेटात लागू नका. लॅमिनेटमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून हवा कोरडी-ओली झाली तरी ते फार आकसत-फुगत नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा अगदी शुष्क आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. सॉलिड लाकूड हे चढउतार काळजी घेतल्याशिवाय सहन करत नाही, रेषेत तडा जातो.

कानस_पेपर

प्लास्टिकबद्दल एक अडचण सांगतो. स्वस्त प्लास्टिक मॉडेलांत नट, सॅडल आणि कधीकधी फ्रेटसुद्धा फिंगरबोर्डसोबत (मानेवरची बोटं दाबायची फळी) एकाच साच्यात ओतलेले असतात. जसं आलं तसंच वापरायचं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करायला काही काढता येत नाही. धागाकर्त्यांना सुधारणा करायची आहे, म्हणजे सॅडल सुटी निघणारं, नट वेगळा चिकटवलेला आणि धातूचे फ्रेट असलेलं वाद्य हवं. लिंडेन लाकडाचा टॉप आणि मागे एबीएसचं खोकं असा मधला प्रकारही मिळतो, फ्लाइट टीयूएस ३५ तसंच आहे. तिथेही हे तीन भाग तपासूनच घ्या.

पैशांचं माझं गणित सांगतो. ४००० चं वाद्य बिनसेटअप (नट-सॅडल न जुळवता) वाजवण्यापेक्षा २५०० चं वाद्य, ५०० च्या आत चांगल्या तारा, आणि नट-सॅडलवर एक दुपार. याने मिळणारा फरक पुढच्या मॉडेलच्या फरकापेक्षा मोठा असतो.

रामटेक_रोड

तारांपुरतं मान्य. पण कानस चालवायची सवय नसेल तर नट बिघडवून बसण्याची भीती असते. त्यांना झिरो फ्रेट असलेलं मॉडेल मिळालं तर नटचं काम वाचते. नटला लागूनच एक जास्तीचा फ्रेट असतो, तार त्यावरच टेकते, म्हणून पहिल्या फ्रेटवरची उंची कारखान्यातूनच बरोबर येते.

कानस_पेपर

झिरो फ्रेटचं मिळालं तर जरूर घ्या, बरोबर बोललात. न मिळालं तर नट कसा उतरवायचा ते लिहितो, कारण स्वस्त युकुलेलेचा बेसूरपणा बहुतेक तिथूनच येतो.

नट उंच असला की पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा सुरात, पण एफ, बी फ्लॅट, ई वाजवले की कॉर्ड आंबट लागते. नवखा माणूस समजतो आपली बोटं चुकत आहेत.

मोजायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखालची फट पाहा. साधा झेरॉक्सचा एक कागद, म्हणजे ०.१ मिमी, सरकेल एवढीच फट हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात आत गेलं तर खाच खोल करायची आहे. चारही तारांसाठी हे वेगवेगळं मोजा.

हत्यार: खास नट फाइल महाग पडते. गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा संच इतवारीत लोहा ओळीत हत्यारांच्या दुकानात विचारा, अगदी थोड्या पैशांत येतो. त्यातली प्रत्येक तार म्हणजे बारीक गोल कानस. तारेपेक्षा किंचित जाड निवडा: ए साठी ०.६ मिमी, सी साठी ०.९ च्या जवळची.

एक तार सैल करून बाजूला सारा. कानस खुंट्यांच्या बाजूला थोडी खाली झुकलेली ठेवा, म्हणजे खाचेचा सगळ्यात उंच बिंदू फिंगरबोर्डकडच्या कडेला राहील. आडवी सपाट कापली तर तार खाचेच्या मध्ये कुठेतरी टेकते आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तीन-चार घासे, तार परत जागेवर, सुरात, माप. पुन्हा तीन-चार घासे. घाईत सलग कापू नका, शेवटचे ०.१ मिमी दोन घाशांत निघून जातात.

खाच जास्त खोल गेलीच तर: फिंगरबोर्ड आणि डोक्याच्या कडेला मास्किंग टेप लावा, खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरा, त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब. क्षणात दगडासारखं घट्ट होते. धूर डोळ्यात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मग पुन्हा नव्याने खाच कापा. रामटेक_रोड यांची भीती रास्त आहे, पण हा उपाय असल्यामुळे नट कायमचा बिघडत नाही.

चौतारी

क्रम लक्षात ठेवा: आधी नट, मग सॅडल. नट खाली गेला की १२व्या फ्रेटवरची उंचीही त्याच्या निम्म्याने कमी होते. सॅडल आधी घासली तर शेवटी माप चुकते.

सॅडलचं गणित: १२व्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. २.५ ते २.८ मिमी ठीक. दुकानातून येताना ३.५ च्या वरच असते. १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून तिथे जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडल घासायची. ३.५ चं २.७ करायचं तर १.६ मिमी.

मोजायला दुचाकी मेकॅनिककडचं टॅपेट सेटिंगचं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच) फार कामाचं. पानं एकावर एक ठेवायची, तार हलणार नाही अशी सरकवायची, बेरीज करायची. डोळ्याने पट्टीवर वाचण्यापेक्षा कितीतरी अचूक.

तारा सैल करून सॅडल पक्कडीने सरळ वर ओढा, पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळा. घासायचं सॅडलच्या बुडाकडून, माथ्याकडून नाही. टोकदार पेन्सिलने खालून १.६ मिमीवर रेघ मारा. काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल उभी धरून घासा, शेवटी ३२०. बूड सपाट आणि काटकोनात राहिलं पाहिजे. गोलसर झालं की ती खाचेत फक्त एका रेषेवर टेकते आणि एखाद्या तारेचा आवाज मरतो. काचेवर उभी केली तर आधाराशिवाय उभी राहायला हवी. ब्रिजच्या वर किमान २ मिमी सॅडल शिल्लक ठेवा, नाहीतर तार तिच्यावर पुरेशी दाबली जात नाही.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर ०.२ मिमी राखून घासा. दमट हवेत टॉप थोडा फुगून तारा वर उचलतो, मेमध्ये तो खाली बसतो, आणि ऑगस्टमध्ये अगदी खाली बसवलेलं वाद्य उन्हाळ्यात झणझणायला लागते.

फुटाळा_काठ

आणलं. कॉन्सर्ट, लॅमिनेट सपेली लाकडाचं, गिअरच्या खुंट्या. ब्रिजचं माप १९० आणि १९१.५, बरोबर निघालं. पहिल्या फ्रेटवर सी तार २२ सेंट चढी, ए तार १२. १२व्यावर ३.६ मिमी. फ्रेटच्या कडा हाताला टोचून राहिल्या, ते काहून?

कानस_पेपर

भाऊ, हे अगदी नेहमीचं दुखणं आहे, घाबरू नका. फिंगरबोर्डचं लाकूड सुकून रुंदीला आकसलं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहिला, म्हणून त्याचं टोक बाहेर आलं. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना आणि टॉपला टेप लावा. बारीक सपाट कानस कडेला ४५ अंशांत धरून नटपासून खोक्याकडे एकाच दिशेने हलके फिरवा, मग ४०० चा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तसाच. शेवटी प्रत्येक टोकाचे दोन्ही कोपरे एकदा-एकदा मोडा. हे काम उन्हाळ्यातच करून घ्या. लाकूड तेव्हा सगळ्यात आकसलेलं असते, एकदा बरोबर केलं की परत टोचत नाही.

तुमचं १२वं माप नट झाल्यावर पुन्हा घ्या, ३.४ च्या आसपास येईल. मग सॅडलचा हिशेब करा.

मंद्र_सप्तक

तारांचं मी सांगते. सोबत आलेल्या काळ्या नायलॉनच्या तारा बहुतेकदा अख्ख्या लांबीत सारख्या जाडीच्या नसतात. मग सॅडल कितीही नीट करा, १२व्यावर एक तार चढी आणि एक उतरी येते. फुटाळा_काठ, नट घासायच्या आधी तारा बदला, कारण खाच तारेच्या जाडीप्रमाणे कापायची आहे.

दोन पर्याय. अकिलाची नायलगट: पांढरी, मोकळा तेजस्वी आवाज, पण नटच्या खाचेची कड धारदार असेल तर तिथेच तुटते. दुसरा फ्लोरोकार्बन: नायलॉनची घनता १.१४, याची १.७८, म्हणून त्याच सुराला, त्याच ताणाला तार वीस टक्के बारीक लागते. हा पाणी शोषत नाही, त्यामुळे कूलरच्या खोलीतून बाहेर नेलं तरी सूर कमी ढळतो. प्रवासाला माझं मत फ्लोरोकार्बनलाच.

स्वस्तातला मार्ग म्हणजे मासेमारीची फ्लोरोकार्बन लीडर दोरी. पौंडाचा आकडा (दोरी किती वजन पेलते तो) पाहून घेऊ नका, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. व्यास पाहा: जी ०.५७, सी ०.८१, ई ०.६६, ए ०.५२ मिमी. सोप्रानोवर यातल्या प्रत्येकीचा ताण ३ ते ३.५ किलो येतो, चौघींचा मिळून साधारण १३. कॉन्सर्टवर त्याच तारा वीस टक्के जास्त ताणतात, पण चालतात. एका रिळात कित्येक संच निघतात, त्यामुळे दोघा-चौघांनी मिळून मागवा.

नव्या तारा तीन-चार दिवस उतरत राहतात. तार मधोमध बोटाने हळूच वर उचलून ताणा, सुरात लावा, पुन्हा ताणा. आणि स्टीलच्या गिटारच्या तारा कधीही लावू नका, ब्रिज उखडून येईल.

नवी_शुक्रवारी

हाडाची सॅडल लावली तर आवाज सुधारतो ना?

मंद्र_सप्तक

थोडा, आणि तोही बूड नीट टेकलं तरच. कॉन्सर्टला लॅमिनेट टॉपवर तारा बदलल्याने जो फरक पडतो त्याच्यापुढे हाडाच्या सॅडलचा फरक कान लावून शोधावा लागतो. मूळची प्लास्टिकची पोकळ असेल किंवा खाचेत डुलत असेल तर मात्र बदला.

रामटेक_रोड

आता नागपूरचं. उन्हाळ्यात आपल्या घरात डेझर्ट कूलर चालतो, म्हणजे खोलीत दमट आणि दाराबाहेर भट्टी. वाद्य कूलरच्या झोतात भिंतीला टांगू नका. कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवा. कूलर नसलेल्या किंवा एसीच्या खोलीत असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज कव्हरमध्ये डोक्याच्या बाजूला ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा ओला करा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हे लक्ष्य.

उन्हात उभ्या बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत अर्धा तासही नको. ब्रिज ज्या पांढऱ्या गोंदाने चिकटलेला असतो तो ६० ते ६५ अंशांना मऊ पडायला लागतो, आणि मेमध्ये बंद गाडीत तेवढं तापमान सहज होते. तारांचा ताण चालूच असतो, ब्रिज पुढे सरकतो. सरकलेला ब्रिज परत चिकटवताना जुना गोंद पूर्ण खरवडून लाकूड उघडं करा, कारण नवा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही. फेव्हिकॉल पातळ लावा, क्लॅम्पने दाबा, २४ तास हात लावू नका, तारा त्यानंतर. फेव्हिक्विक किंवा एपॉक्सी ब्रिजला नको, पुन्हा कधी काढायची वेळ आली तर लाकडाचा थर सोबत निघतो.

चौतारी

बॅगेचं राहिलं. सोबत मिळणारं पातळ कापडी कव्हर फक्त धुळीपुरतं. निदान १० मिमी फोमचं घ्या, आणि डोक्याखाली मानेजवळ एक पंचा घडी करून ठेवा. वाद्य आडवं पडलं की वजन डोक्यावर येते आणि मान तिथेच तुटते. तारा सैल करून नेण्याची गरज नाही, उलट प्रत्येक वेळी सूर बसायला वेळ जातो.

खुंट्या गिअरच्या आहेत ते चांगलं. मागचे छोटे स्क्रू महिन्यातून एकदा पाहा, सैल झाला की ठरावीक सुरावर बारीक खरखर येते आणि माणूस फ्रेटमध्ये दोष शोधत बसतो. घर्षणाच्या साध्या खुंट्या असत्या तर मागचा स्क्रू पाव फेरा आवळायचा, एवढंच.

रात्रीच्या गाडीत सराव करायचा असेल तर सॅडलला लागून तारांखाली भांडी घासायच्या मऊ स्पंजचा दोन बोटं रुंद तुकडा सरकवा. बोटांचा सराव होतो, शेजारच्या बर्थवर आवाज जात नाही.

फुटाळा_काठ

तारा बदलल्या, नट केला. सी तार आता पहिल्या फ्रेटवर ६ सेंट, ए ४. १२व्यावर ३.३ आलं, सॅडल १.२ मिमी घासली, २.७ झालं. एफ आणि बी फ्लॅट आता गोड लागते. फक्त ई तार मोकळी वाजवली की बारीक झणझण, पहिल्या फ्रेटवर दाबली की जाते.

कानस_पेपर

दाबल्यावर जाते म्हणजे दोष नटमध्येच. आधी खाचेतला भुसा मऊ ब्रशने काढा. मग तार सैल करून खाच भिंगाखाली पाहा: फिंगरबोर्डकडची कड गोल झाली असेल तर ४०० च्या पेपरची घडी करून मागच्या बाजूने दोन हलके घासे, कोन खुंट्यांकडे खाली. तरीही राहिली तर खाच खोल झाली आहे, तेवढी एकच खाच खायचा सोडा आणि फेव्हिक्विकने भरून परत कापा. कापताना या वेळी कागद थोडा सैल सरकेल एवढ्यावर थांबा.

मंद्र_सप्तक

ताण सोडल्यावर ई आणि सी तारांची अदलाबदल तर झाली नाही ना, तेही पाहा. फ्लोरोकार्बनच्या तारा रंगाने सारख्याच दिसतात. बारीक तार रुंद खाचेत पडली तरी असाच आवाज येतो.